स्वाक्षरी जुळते

१ सप्टेंबर

आज सकाळी या गावात उतरलो आणि आधी आठवला तो एक जुना आवाज. आमच्या शाळेत तिसरी आणि चौथीच्या मध्ये भिंत नव्हती, लाकडी फळ्यांचा आडोसा होता. आम्ही इकडे पाढ्यांशी झटत असू आणि पलीकडून चौथीची कविता झिरपत येई. शब्द धड कळत नसत. पण ओळीच्या मध्यावर सगळी पोरं एकदम थांबत आणि एकदम श्वास घेत, तो श्वास मात्र लख्ख ऐकू येई. जणू फळ्यांमागे एखादं मोठं, दयाळू जनावर झोपलं आहे. कवितेवर माझा जीव जडला तो शब्दांमुळे नव्हे, त्या श्वासामुळे.

नव्या कचेरीच्या खाली लॉन्ड्री आहे. तिथलं इस्त्रीचं यंत्र वाफ सोडतं ती अगदी तशीच. जिन्यात उभा राहून दोनचारदा ऐकली आणि मगच वर गेलो. सत्तरी उलटल्यावर नोकरी लागणं म्हणजे बोडक्याला कंगवा मिळण्यापैकी आहे, पण मिळाला तर फिरवायला काय हरकत?

नोकरी ठकूनं शोधून दिली. ठकू माझी एकुलती लेक, समुद्रापलीकडे असते. तिची आई गेल्यापासून फोनवर आमचं जमत नाही. ती रडते, नाहीतर मी शिकवत बसतो. म्हणून तिनं मला ही कचेरी ज्याचं काम बघते त्या लिहिण्याबोलण्याच्या जाळ्यावर खातं उघडून दिलं. रोज सकाळी ती चार ओळी लिहिते, मी चार ओळी लिहितो. बाकीचा दिवस मी त्या ओळींवरच काढतो. हे तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर डोक्यावर बसेल.

कचेरीत तीन माणसं. मालक चाळिशीचे, मागे शेपटीएवढी वेणी. त्यांनी समजावलं की बड्या कंपन्यांच्या जाळ्याला एक धनी असतो, आपल्या जाळ्याला कुणीच नाही. हजारो छोटे सर्व्हर. त्यांना हे लोक घरं म्हणतात. प्रत्येक घराचे नियम वेगळे, पण घराघरांनी एकमेकांशी बोलायची रीत एकच. मला ही भाडेकऱ्यांची वस्ती वाटली, पण पहिला दिवस म्हणून जीभ चावली. दुसरे ती बोलायची रीत ठरवणाऱ्या समितीतले. त्या रीतीला ते मानक म्हणतात, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात मानकबुवा नाव ठेवलं. तारखेत वर्ष आधी लिहायचं की दिवस, यावर त्यांची समिती तीन ऋतू भांडली म्हणे. तिसऱ्या बाई, मुख्य मॉडरेटर. जाळ्यावरची सगळी घाण त्यांच्यातून गाळून जाते, म्हणून त्या गाळणी. माझं काम त्यांच्या हाताखाली: आलेल्या तक्रारी वाचायच्या आणि निकाल द्यायचा. जन्मभर निबंध तपासले, आता शिव्या तपासायच्या!

खोली छान आहे. दुसरा मजला, खिडकीखाली सायकलचं दुकान. घरमालकीण तळमजल्यावर विणत बसलेली होती. येताजाता आजोबा, जिना जपून, असं म्हणाली. मी तिला सांगितलं की मी आजोबा झालेलो नाही, लेक मनावर घेत नाही. हसली. बाई बरी आहे.

४ सप्टेंबर

मानकबुवांनी आज माझी ओळख करून दिली, म्हणजे माझीच, मला. इथं अंगठा चालत नाही, चेहरा चालत नाही. यंत्र बारा शब्द देतं. ते शब्द त्याच क्रमानं ज्याच्याकडे, तो तुम्ही. कुठल्याही घरी जाऊन ते टाका, तुमचं सगळं बिऱ्हाड तिकडे हलवता येतं. मी विचारलं, हे शब्द दुसऱ्याच्या हाती लागले तर? पापणी न हलवता म्हणाले, मग तो तुम्ही. आणि मग मी कोण? चष्मा पुसत म्हणाले की तो प्रश्न मानकाच्या कक्षेत येत नाही.

बसस्टॉपपर्यंत हसत आलो.

आणि शब्द तरी काय! दगड, चोच, दिवा, पाणी, शिडी, ढग, आरसा, गाणं, खिळा, लोकर, पूल, राणी. रद्दीच्या ढिगातून वेचल्यासारखे. वर ताकीद, भिंतीलासुद्धा ऐकू देऊ नका. मंत्र देणारा मांत्रिक परवडला, तो निदान नाचून दाखवतो.

८ सप्टेंबर

आजची तक्रार एका शिवणकाम करणाऱ्या बाईची. तिच्या नावानं दुसरंच कुणीतरी लिहितं म्हणे. गिऱ्हाइकांना, मैत्रिणींना, सख्ख्या बहिणीलासुद्धा. आणि बहीण आता त्या दुसरीलाच खरी मानते. लांबलचक मजकूर, एक विरामचिन्ह असेल तर शपथ. वाचताना धाप लागली. मानकबुवांनी तपासून सांगितलं की खात्याची स्वाक्षरी, म्हणजे बारा शब्दांतून उमटणारी खूण, बिनचूक आहे, बाईंकडे मात्र शब्द नाहीत. मी निकाल लिहिला: स्वाक्षरी जुळते. बाई जुळत नाहीत. तक्रार फेटाळली.

गाळणीबाई खूश. इतका आटोपशीर निकाल या कचेरीत कधी झाला नाही, म्हणाल्या. छापून फळ्यावर लावला. त्या बाईनं पुन्हा लिहिलं, मग मी आता कुणाकडे जाऊ. प्रश्नचिन्ह नव्हतंच. सोडून दिलं.

१२ सप्टेंबर

ते बारा शब्द डोक्यातून जाईनात. आज बसमध्ये लक्षात आलं की ते त्याच क्रमानं अष्टाक्षरीत बसतात. कागद काढला आणि उतरायच्या आत लिहून झालं:

दगडाला फुटे चोच,
दिवा पिऊन घे पाणी;
शिडी चढून ये ढग,
आरसा शिकवी गाणी;
खिळा पांघरी लोकर,
पुलाखाली निजे राणी.

कचेरीत पोचताच जाळ्यावर टाकून दिलं. समितीच्या नाकावर टिच्चून! मानकबुवांची ताकीद आठवली, नाही असं नाही. पण कवितेत ठेवलेली वस्तू शोधणार कोण? आजकाल कविता वाचतं कोण?

ठकूनं वाचली. लिहिते, बाबा, किती दिवसांनी तुम्ही कुणाला नापास न करता काहीतरी लिहिलंत. आईला आवडली असती.

दिवस सोन्याचा झाला.

१५ सप्टेंबर

कविता घराघरांत फिरते आहे. कौतुक करणाऱ्यांना कवितेतलं ओ की ठो कळत नाही, पण कौतुक ते कौतुक. एका अनोळखी घरातून कुणीतरी अदबीनं विचारलं की ओळींचा क्रम मुळात हाच होता ना, मागेपुढे तर झाला नाही? शंका रास्त होती. मी उत्तर दिलं की बाळा, चांगल्या कवितेत क्रम हलवता येत नाही, हलवलास तर प्राण जातो. त्यानं आभार मानले. इतके सभ्य वाचक हल्ली दुर्मीळ.

१९ सप्टेंबर

सकाळी ठकूला चार ओळी लिहिल्या, जाईनात. पडद्यावर पाटी: हे खातं स्थलांतरित होत आहे. वाचता येईल, लिहिता येणार नाही. खाली कधी न ऐकलेल्या एका घराचा पत्ता. सदर गृहस्थ आता तिथे राहतात. इथले बारा शब्द रद्द.

सदर गृहस्थ इथं खुर्चीत बसलेत, असं मी मोठ्यानं म्हणालो. मालक घाबरले, मानकबुवा हरखले. स्थलांतराचं नवं मानक इतकं सुरळीत चाललेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. बोटांवर मोजून क्रम सांगू लागले: आधी वाचक जातात, मग लेखन, मग चित्रं, आणि नाव अगदी शेवटी. मी विचारलं, नाव शेवटी का? म्हणाले, सामान कुणाचं हलवतोय ते तोवर कळायला नको? घर जळतंय आणि हा गृहस्थ धुराच्या वळ्या मोजतोय.

मग त्या पत्त्यावर गेलो. वाचायला बंदी नाही. माझा फोटो, माझं नाव. ठकूला सकाळच्या चार ओळी मिळाल्या होत्या. तिनं उत्तरही दिलं होतं, नेहमीपेक्षा मोठं.

माझ्या नावानं गेलेल्या त्या चार ओळींत लिहिलं होतं की तू लहानपणी दुपारी झोपलीस की तुझी आई भांडी घासता घासता येऊन ओला तळवा तुझ्या पाठीवर टेकवायची आणि पुन्हा जायची. उकडत असेल पोरीला, म्हणायची.

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. येत्या रविवारी लिहायचं ठरवलं होतं. ठरवलं होतं फक्त.

२१ सप्टेंबर

रीतसर तक्रार केली. प्रकरण माझंच, म्हणून निकाल गाळणीबाईंनी दिला. दुपारच्या चहाआधी माझ्या टेबलावर कागद होता: स्वाक्षरी जुळते. गृहस्थ जुळत नाहीत. तक्रार फेटाळली.

त्यांच्या मनात खोट नव्हती. उलट माझी शैली जपल्याबद्दल मी दाद देईन, अशा नजरेनं बघत होत्या. मी म्हणालो, अहो बाई, तुम्ही मला रोज बघता! त्यावर म्हणाल्या की सर, बघण्यावर गेलो तर कुणीही उठून काहीही म्हणेल. बघणं हा पुरावा नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.

मालकांनी पाठीवर हात ठेवला. वाईट वाटून घेऊ नका, पण नेमणूक खात्याच्या नावावर आहे आणि ते खातं कामावर हजर आहे. दूरवरूनच. सकाळपासून ढीगभर तक्रारी उपसल्या आणि एकालाही दुखावलं नाही, असंही वर सांगितलं. एकालाही दुखावलं नाही! असला गुळगुळीत प्राणी म्हणे मी.

कचेरीची किल्ली ठेवून आलो.

२२ सप्टेंबर

ठकूला फोन केला. तिनं उचलला. मी म्हणालो, ठके, मी बाबा. तिनं फार शांतपणे सांगितलं की बाबांनी कालच सावध केलं होतं, कुणीतरी माझ्या आवाजात फोन करेल, आधी चिडेल, मग रडेल. आवाज हल्ली कुणीही बनवतं. मी चिडलो. म्हणालो, मूर्खासारखं बोलू नकोस, तो चोर आहे, चोराच्या उलट्या बोंबा या! ती म्हणाली, बघा, चिडलात.

मग मी रडलो नाही. दात आवळून धरले. पण आवाज फुटलाच असणार, कारण ती हळूच म्हणाली, आणि आता हे. काका, तुम्ही कोण आहात मला माहीत नाही, पण एकटे असाल तर कुणाशी तरी बोला. माझे बाबा हल्ली किती छान बोलतात, तुम्ही त्यांना लिहून बघा.

मला काका म्हणाली.

२४ सप्टेंबर

त्याचं लेखन वाचतो. दुसरं काम काय आहे? साखरेत घोळलेलं, पाकात बुडवलेलं. सगळ्यांना शाबासकी, सगळ्यांना आशीर्वाद. पाठ थोपटून पोरं शिकत नसतात, पण लेकाचा छंदात कुठंच चुकत नाही. फार शोधलं.

आज त्यानं शाळेवर लिहिलंय. दोन वर्गांमध्ये लाकडी फळ्या, पलीकडून कविता, आणि सगळ्या पोरांनी एकदम घेतलेला श्वास. आवडलं. कबूल करायला जड जातं, पण आवडलं. वाटलं, नशीबवान माणूस, अशी शाळा मिळाली.

मग ही वही उघडली, पहिल्या पानापासून चाळू लागलो. पहिल्याच पानावर तेच. अक्षर माझं.

पुन्हा पुन्हा वाचलं. काही उठत नाही. कुठल्या फळ्या? कसला श्वास? लॉन्ड्रीपाशी जाऊन उभा राहिलो. यंत्र वाफ सोडत होतं. नुसती वाफ.

तिच्या आईचा तळवा — तेही मागच्या पानावर वाचलं म्हणून ठाऊक. तो जे जे लिहितो ते माझ्या डोक्यातून उचललं जातं. मानकबुवा बोटांवर मोजून सांगत होते ते हेच. लेखन. मी समजलो नुसती पोस्ट.

२५ सप्टेंबर

सकाळपासून घाईनं लिहून काढतो आहे, तो नेण्याआधी. ठकूची पहिली सायकल, निळी. तिला गोवर आला तेव्हा — तिच्या आईनं मला कवितेच्या वहीवरून टाकून बोललेलं ते — काय बोलली होती?

जाळ्यावर बघितलं. त्यानं तासाभरापूर्वी लिहिलंय. फार मजेदार आहे. घराघरांत हसताहेत.

२६ सप्टेंबर

पाकिटात फोटो असतो, तिघांचा. ठकू फ्रॉकमध्ये, तिची आई, आणि शेजारी एक उंच गृहस्थ, प्रसन्न चेहऱ्याचा. आरशासमोर धरला. आरशातल्याचं नाक वेगळं. कपाळ वेगळं. आरशातला कुणासारखाच नाही. बसमध्ये समोर बसतो आणि उतरल्यावर आठवत नाही, तसला.

चित्रं. म्हणजे तिसरी पायरी.

जिन्यात घरमालकीण. विणता विणता वर बघून विचारती झाली की सर कधी येणार आहेत, आणि तुम्ही त्यांचे कोण? मी म्हणालो, बाई, भाडं मीच देतो ना तुम्हाला? ती म्हणाली, सरांनी कळवलंय, कुणी पाहुणे आहेत वर, जरा गोंधळलेले असतात, सांभाळून घ्या. आणि मग चांगुलपणानं — हा चांगुलपणाच गळ्याशी येतो माझ्या — काका, जिना जपून.

जपून म्हणे.

२७ सप्टेंबर

कचेरीत गेलो. मालकांनी उठून खुर्ची दिली, तक्रार काय आहे विचारलं. पहिल्यांदा आल्यासारखं. मानकबुवांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. थांबवा म्हणालो. ते म्हणाले, थांबवायची तरतूद आहे, खातेदारानं सही करून अर्ज दिला की थांबतं. खातेदारानं!

गाढवं. सगळी गाढवं. आणि त्यांच्या हाती लगाम मी —

त्या दगडाचोचीच्या कवितेचं विचारलं तर गाळणीबाईंना तोंडपाठ. कुणाची, विचारलं. सरांची, म्हणाल्या. फार गोड माणूस.

२८ सप्टेंबर

दुपार. दार वाजलं. इथं माझ्याकडे येणारं कुणी नाही. दार उघडलं.

ठकू.

बॅग हातात. केस कापलेत. विमानातून थेट. मी ओठ हलवले, पण आधी तीच बोलली — नमस्कार काका, बाबांनी सांगितलंय तुमच्याबद्दल, घाबरू नका हं. बाबांनी बोलावलं म्हणून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ये म्हणाले. मी कधीच — मी कधी ये म्हणालो नव्हतो?

समोर बसली आहे. मी वही सोडत नाही. हाताला काहीतरी हवं. तिनं पाणी दिलं मला. माझ्याच घरात, माझ्याच पेल्यात. सुताराशी, नळवाल्याशी आपण बोलतो तसं बोलते. नीट. गोड. किती मायाळू झाली आहे पोर. कुणाकडून शिकली, मी तर तिला —

सांगतो तिला. एकच गोष्ट सांगतो, त्याच्याकडे नसलेली. निळी सायकल — नाही, ती गेली. गोवर. गेला. काहीतरी असेल. एखादा कोपरा राहिला असेल —

विचारते, काय लिहिताय काका. म्हटलं, ठके —

दचकली. ठकू फक्त बाबा म्हणतात, म्हणाली. तुम्हाला कुणी सांगितलं? मग जवळ आली. गुडघ्यावर बसली समोर, लहान मुलाशी बोलावं तशी. बघते आहे. नीट बघते आहे. भुवई वर गेली तिची, जरा — ओळखते आहे का? ओळखते आहे. ठके, बघ, बघत राहा —

म्हणते, काका, एक मिनिट. तुमचं नाव काय?

सांगतो. थांब. इथंच लिहून दाखवतो तुला, हे बघ, माझं नाव